तीन वर्षांची अट आणि जपानी स्पोर्ट्‌स कार

मोटारींच्या शौकिनांच्या गप्पांत एक प्रश्न हटकून निघतो. जपानमध्ये वापरलेल्या स्पोर्ट्‌स कार स्वस्तात मिळतात, तिथले स्टिअरिंगही आपल्यासारखे उजवीकडेच. मग एखादी थेट तिथूनच का आणू नये? प्रश्न साधा दिसतो. त्याच्या उत्तराचा एक धागा मात्र पार पिंपरीच्या कारखान्यांपर्यंत जातो.

आधी जपानचे पाहू. तिथे नव्या मोटारीची पहिली सक्तीची तपासणी तीन वर्षांनी होते, पुढे दर दोन वर्षांनी. तिला ‘शाकेन’ म्हणतात. हे प्रकरण खर्चाचे, त्यामुळे तपासणी तोंडावर आली की पुष्कळ लोक गाडी काढून टाकतात. अशा गाड्या लिलावातून श्रीलंका, पाकिस्तान, केनिया अशा देशांत जातात. कोलंबोच्या रस्त्यावर जपानहून आलेल्या जुन्या गाड्यांचे कुणाला नवल वाटत नाही.

आपल्याकडे मात्र १९४९ मध्येच तयार मोटारींच्या आयातीवर बंदी आली. पुढे सुट्या भागांची नुसती जुळणी करणाऱ्यांनाही सरकारने दार दाखवले. मुंबईत शिवडीला असलेला जनरल मोटर्सचा कारखाना १९५४ मध्ये बंद झाला. त्यानंतरची कित्येक वर्षे ॲम्बेसेडर आणि फियाट यांच्यावर गेली. परदेशात राहून कायमचे परतणाऱ्यांना वापरातली गाडी सोबत आणण्याची सवलत असे, पण तीही अटी पाळून आणि जकात भरून.

दार उघडले ते १ एप्रिल २००१ रोजी. आयातीवरील संख्यात्मक निर्बंधांविरुद्ध अमेरिकेने जागतिक व्यापार संघटनेत केलेल्या तक्रारीचा निकाल आपल्याविरुद्ध गेला होता. त्यामुळे शेवटच्या ७१५ वस्तूंवरील निर्बंध त्या दिवशी उठले. त्यांत जुन्या मोटारीही होत्या. इथल्या कारखानदारांच्या पोटात गोळा आला. टेल्कोची इंडिका १९९८ च्या अखेरीस आली होती, आणि २०००-०१ या वर्षात कंपनीला सुमारे ५०० कोटी रुपयांचा तोटा झाला. अशा वेळी जपानमधल्या तीन-चार वर्षे वापरलेल्या गाड्या जहाजे भरभरून आल्या असत्या, तर पिंपरी-चिंचवडमधल्या किती घरांच्या चुली अडचणीत आल्या असत्या! या नियमांना नुसती नावे ठेवणे म्हणूनच मला पटत नाही.

सरकारने तोड काढली. अर्थमंत्री यशवंत सिन्हा यांनी त्या वर्षीच्या अर्थसंकल्पात जुन्या गाड्यांवरची मूळ जकात १०५ टक्के केली. इतर कर धरून बोजा १८० टक्क्यांच्या घरात गेला. म्हणजे दहा लाखांची गाडी अठ्ठावीस लाखांना पडणार. शिवाय अटी आल्या: गाडी उत्पादनापासून तीन वर्षांहून जुनी नको, स्टिअरिंग उजवीकडे हवे, ती मुंबई बंदरातूनच यावी. बंदरात उतरल्यावर ती तपासायची कुणी, तर अहमदनगरची (आताचे अहिल्यानगर) व्हीआरडीई, मध्य प्रदेशातल्या बुदनीची संस्था किंवा आपल्या वेताळ टेकडीवरची एआरएआय. कोथरूडहून रोज दिसणाऱ्या टेकडीवर असा दाखला मिळतो, हे कित्येक पुणेकरांच्या गावीही नसेल.

या सगळ्यात खरी मेख तीन वर्षांची. जपानी माणूस गाडी विकायला काढतो साधारण त्याच सुमाराला आपले दार बंद होते. त्यातून शौकिनांचे नशीब पाहा. निसान स्कायलाइन जीटी-आर, टोयोटा सुप्रा, माझदा आरएक्स-७ या तिन्ही नामांकित गाड्यांचे उत्पादन जपानमधल्या प्रदूषणाच्या नव्या नियमांमुळे २००२ मध्ये थांबले. त्यात तीन वर्षे मिळवा. २००१ ला उघडलेली खिडकी या गाड्यांपुरती २००५ मध्ये मिटली. अमेरिकेत पंचवीस वर्षे झालेली गाडी आणता येते. त्यामुळे १९९९ ची स्कायलाइन तिकडे २०२४ पासून रीतसर उतरू लागली. आपल्याकडे नेमके उलटे, वय वाढले की दार घट्ट.

मग इथे काय मिळत होते? बंगळुरूच्या सॅन कंपनीची ‘स्टॉर्म’ ही दोन आसनी, उघड्या टपाची गाडी होती. दिसायला ऐटबाज, पण इंजिन रेनोचे, साठेक अश्वशक्तीचे. तिला स्पोर्ट्‌स कार म्हणायचे ते कौतुकानेच. खरी मजा होंडा सिटी व्हीटेकमध्ये होती. दिसायला घरगुती, पळायला चलाख, आणि सुटे भागही मिळत. त्या काळात मला कुणी विचारले असते, तर मी तीच घ्यायला सांगितले असते. पुढे निसानने ३७० झेड आणि २०१६ मध्ये नवी जीटी-आर इथल्या शोरूममध्ये आणली. जीटी-आरची किंमत होती एक कोटी ९९ लाख, आणि तीही रस्त्यावर येण्याआधीची.

तरीही अधूनमधून कुणी सांगतो, अमक्याकडे जपानी गाडी विकायला आहे, स्वस्तात देतो. इंजिन आणि सांगाडा सुटे भाग म्हणून आणून इथे जोडणी करण्याचे उद्योगही झालेले आहेत. तेव्हा बॉनेटआधी कागद उघडावेत. कस्टम्सचे बिल ऑफ एंट्री मागावे, त्यावरचा चासी क्रमांक गाडीवरच्या क्रमांकाशी आणि आरटीओच्या पुस्तकाशी ताडून पाहावा, आणि उत्पादनाच्या वर्षापासून गाडी बंदरात उतरल्याच्या तारखेपर्यंत किती वर्षे होतात ते मोजावे.