काळोखाचा धनी

पेडणे महालातील मुलांना काळोखाचे भय वाटत नसे, असे कोणी म्हणेल तर ते खरे नव्हे. तिन्हीसांजा झाल्या की परसातील माडाचा बुंधा माणसासारखा दिसू लागतो आणि उंबरठ्यावर पाऊल अडते. हे सर्वत्र सारखेच. भेद पडतो तो त्या काळोखात कोण आहे असे वडीलधारे सांगतात, यात. गोमंतकात या प्रश्नाला दोन उत्तरे मिळाली, आणि नवल असे की दोन्हींचा शब्द एकच होता: देवचार.

पेडणे, डिचोली, सत्तरी या भागांत देवचार म्हणजे गावचा राखणदार. खांद्यावर घोंगडी, पायांत वहाणा, एका हाती दांडा व दुसऱ्या हाती पेटती चूड घेऊन तो रात्री आपल्या सीमेत फिरतो आणि वाट चुकलेल्यास घरापर्यंत पोचवितो. सीम ओलांडली की पुढचा मुलूख दुसऱ्या राखणदाराचा. (हद्दीच्या दाव्यांत आयुष्य घालविणाऱ्या वकिलाला या व्यवस्थेचा हेवा वाटावा!) त्याला रोट द्यायचा, नवस बोलायचा. वेताळाला वाहिलेल्या वहाणा रात्रीच्या फेरीने झिजतात, ही श्रद्धाही याच कुळातली. बाहेर कोणी नाही, असे सांगितल्याने मुलाचे समाधान क्वचितच होते. बाहेर जो आहे तो आपला आहे, हे मात्र त्याला पटते.

चापोरा नदीच्या दक्षिणेस, बारदेशात, याच शब्दाची गती निराळी झाली. सोळाव्या शतकात तेथील देवळे पाडली गेली आणि पाद्र्यांच्या कोकणीत देवचार हा सैतानाचा वाचक ठरला. लोकमनातला राखणदार तेवढ्याने नाहीसा झाला नाही; पण धर्मोपदेश ऐकत वाढणाऱ्या मुलाला त्या नावाने आधाराऐवजी धाक मिळाला. डिचोली पोर्तुगीजांच्या हाती आली 1781 मध्ये, पेडणे 1788 मध्ये. तोपर्यंत इन्क्विझिशनचा पहिला आवेश ओसरला होता, आणि नव्या काबिजादीतील प्रजेच्या देवळांना व रूढींना हात न लावण्याचे धोरण सरकारने पत्करले होते. दोन अडीच शतकांच्या या उशिरामुळे पेडण्याचा देवचार सैतान व्हायचा वाचला.

सगळा दोष पाद्र्यांच्या माथी मारणे मात्र न्यायाचे नाही. मूल जेवत नाही, निजत नाही, म्हणून बागुलबुवाला हाक मारणारी माणसे आपल्या घरांतूनही होतीच, आणि त्यांनी देवचारालाही त्या कामी जुंपले. राखणदाराला शिपाई करणे हा त्याचा अपमानच होय.

डिचोली तालुक्यातील साळ गावचा गड्यांचा उत्सव या दृष्टीने पाहण्याजोगा आहे. होळीच्या पौर्णिमेपासून तीन रात्री तो चालतो. दिवे मालविले जातात. उघड्या अंगाचे, धोतर नेसलेले गडे डोंगराच्या दिशेने धावतात. दूर कोठे उजेड चमकला की तो देवचाराचा, असे मानतात. काही गड्यांना देवचार लपवितो आणि इतर गडे त्यांना शोधून आणतात. हे पाहायला आलेल्या गर्दीत मुलेही असतात. एरवी टाळायचा तो काळोख येथे सारा गाव मिळून मुद्दाम करतो, आणि मूल त्यात एकटे नसते. भय जात नाही, पण ते वाटून घेतले जाते. दिवसा धीराच्या चार गोष्टी सांगून हे साधेल, असे मला वाटत नाही.

आता वाड्यावाड्यांत विजेचे दिवे आहेत, आणि खिशातल्या मोबाईलचा उजेड चुडीपेक्षा प्रखर. साळच्या त्या रात्री तो दाबून धरावा लागतो. नाही तर डोंगरावरचा उजेड कोणाचा आणि गर्दीतल्या पाहुण्याच्या हातातला कोणता, हे बापाच्या खांद्यावरून पाहणाऱ्या मुलाला कसे कळावे?