आडनावाचा माग कसा काढायचा? सातारा-सांगलीच्या मुस्लिम कुटुंबांसाठी सुरुवातीची माहिती

दहावी-बारावीचा निकाल लागला की शाळेत पालकांची गर्दी सुरू होते. जातीच्या दाखल्यासाठी आजोबांचा शाळेचा उतारा हवा असतो. जुनं जनरल रजिस्टर उघडावं तर जातीच्या रकान्यात नुसतं ‘मुसलमान’ लिहिलेलं, आणि आडनावाची जागा कोरी किंवा तिथं ‘शेख’. घरी मात्र तीन पिढ्या बागवान म्हणून भाजीपाला विकत आलेल्या असतात. मग धावपळ होते. हीच शोधाशोध दाखल्याची घाई नसताना, वडीलधारी माणसं हयात असताना सुरू केली तर बरंच काही हाती लागतं.

आधी आडनाव काय सांगतं ते पाहू. आपल्या भागातली बरीच आडनावं धंद्यावरून पडली आहेत. आतार म्हणजे अत्तर विकणारे, तांबोळी पानवाले, मणेर बांगड्यांचे व्यापारी, नदाफ कापूस पिंजणारे, मोमीन विणकर. दुसरा गट हुद्द्यांचा आणि वतनांचा: काझी, खतीब, मुजावर, मुतवल्ली, इनामदार, जमादार, नायकवडी, पाटील, देसाई. मुलाणी या शब्दाच्या मुळाशी मुल्ला-मौलानाच आहे. गावगाड्यात मुलाणा हा बलुतेदार होता. जत्रेत बकरं हलाल करण्याचा मान त्याचा आणि त्याबद्दल बलुतंही त्याला मिळे.

म्हणजे आडनाव एक असलं तरी रक्त एक असेलच असं नाही. वाळव्याचे इनामदार आणि कराडचे इनामदार यांचा एकमेकांशी काही संबंध नसेलही. उलट एकाच आजोबांचे तीन नातू शेख, मुल्ला आणि इनामदार असू शकतात, कारण शाळेत नाव घालताना मास्तरांनी जे ऐकलं ते लिहिलं. (आमच्याच पेशाची करामत!) मिरजेचं उदाहरण तर सगळ्यांना माहीत आहे. हत्यारांना धार आणि चकाकी देणारे शिकलगार, त्यांच्यातल्या काहींनी एकोणिसाव्या शतकात तंतुवाद्यं बनवायला घेतली आणि ‘सतारमेकर’ हे नवं आडनाव जन्माला आलं. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. या घराण्यातल्या कुणी जुन्या कागदात ‘सतारमेकर’ शोधत बसलं तर एका टप्प्यानंतर काहीच मिळणार नाही. तिथून पुढं ‘शिकलगार’ शोधावं लागेल. तुमच्याही घरात असा एक सांधा असू शकतो.

सुरुवात घरातून करा. दादी, नानी, फूफी यांना बसवून विचारा आणि मोबाईलवर आवाज भरून ठेवा. ‘आपण कुठून आलो’ हा प्रश्न शेवटी विचारा, कारण त्याचं उत्तर बहुतेक घरांत ठरलेलं असतं: अरबस्तानातून, नाहीतर औरंगजेबाच्या फौजेबरोबर. औरंगजेबाने 1700 मध्ये साताऱ्याचा किल्ला घेतला हे खरं, पण त्याच्या कितीतरी आधीपासून आदिलशाही आणि बहमनी काळातली मुसलमान वस्ती या मुलखात होती. शिवाय इथल्याच मातीतली कुटुंबंही मुसलमान झाली, त्यात कमीपणा काही नाही. त्यापेक्षा छोटे प्रश्न विचारा. दादांची कबर कोणत्या कब्रस्तानात? गावात आपलं शेत कोणत्या नावाने ओळखत? कोणत्या पीराच्या उरुसात आपला मान होता? निकाह कोणत्या गावांत होत? या उत्तरांतून गावाचं नाव हाती येतं, आणि गाव कळल्याशिवाय कागद सापडत नाहीत.

घरात शजरा असेल तर तो नीट वाचा. शजरा-ए-नसब म्हणजे वंशावळ आणि शजरा-ए-तरीकत म्हणजे पीर-मुरीदांची साखळी. दुसऱ्यातली नावं बाप-लेकाची असतीलच असं नाही. उर्दू येत नसल्याने अनेक घरांत तरीकतचा शजरा वंशावळ समजून फ्रेम करून लावलेला आहे.

आता कागद. शेत असलेल्या, किंवा कधीकाळी असलेल्या कुटुंबाने सातबारा आणि फेरफार यांवरून मागे जायचं. शासनाच्या ‘आपले अभिलेख’ पोर्टलवर जुने स्कॅन केलेले उतारे मिळतात. आपलं गाव तिथं दिसलं नाही तर तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षात नकलेसाठी अर्ज द्या. वारसाचा फेरफार सगळ्यात मोलाचा, कारण शरियतप्रमाणे मुलींचाही हिस्सा असल्यामुळे त्यात मुलींची, विधवेची नावं येतात. (नंतर हक्कसोड करून ती उडवतात ही वेगळी गोष्ट, पण हक्कसोड पत्रातही नाव असतंच.) गाव नमुना 3 म्हणजे दुमाला जमिनींची नोंदवही, मशीद, दर्गा, काझी, मुलाणी यांची इनामं तिथं दिसतात. जमीन नसणाऱ्यांनी जन्म-मृत्यूचं कोतवाल बुक, म्हणजे नमुना 14, बघावं. त्यात जातीचा उल्लेख कधी कधी शाळेपेक्षा स्पष्ट असतो. इतर मागास वर्गाच्या दाखल्यासाठी 13 ऑक्टोबर 1967 पूर्वीचा पुरावा मागतात, तिथं ही नोंद कामी येते.

या कागदांत आडनाव क्वचितच असेल. ‘अमुक बिन तमुक’ किंवा ‘अमुक वलद तमुक’ असं लिहिलेलं असतं. दोन्हींचा अर्थ मुलगा. ‘कोम’ किंवा ‘जवजे’ म्हणजे बायको. ‘बिन’ दिसला म्हणून माणूस मुसलमान असं समजू नका, मराठी दफ्तरात हिंदू नावांतही तो सर्रास आहे.

जिल्ह्याचं भानही ठेवायला हवं. आजचा सांगली जिल्हा 1949 मध्ये ‘दक्षिण सातारा’ म्हणून बनला आणि 1960 मध्ये त्याला सांगली हे नाव मिळालं. तासगाव, खानापूर, वाळवा, शिराळा हे त्याआधी सातारा जिल्ह्यात होते. मिरज, सांगली, जत ही संस्थानं होती. त्यामुळे तासगावच्या माणसाने जुन्या यादीत सातारा शोधायचा आणि मिरजेच्या माणसाने संस्थानचं दफ्तर. इस्लामपूरकरांनी ‘उरूण’ हे नावही बघावं.

त्याच्या मागे जायचं तर पुणे आणि कोल्हापूरची पुरालेखागारं. इंग्रजांनी 1852 च्या कायद्याने इनाम कमिशन नेमलं आणि इनामदारांकडून हक्काचे पुरावे मागितले. त्या चौकशीच्या कागदांत वंशावळी सापडतात. काझी, खतीब, मुजावर घराण्यांसाठी ही खाणच आहे. कागद मोडीत असतात. पुराभिलेख संचालनालय मोडीचे वर्ग घेतं, आणि घरातल्या एका कॉलेजच्या पोराने ती शिकली तर पुढचा खर्च वाचेल. त्याहून जुने आदिलशाही कागद फारसीत आहेत, ग. ह. खरे यांनी संपादित केलेल्या ‘ऐतिहासिक फार्सी साहित्य’ या खंडांत अशा कागदांचे मराठी तर्जुमे आहेत. दर्ग्याशी किंवा मशिदीशी संबंध असेल तर धर्मादाय आयुक्त कार्यालयातली ट्रस्टची जुनी फाईल मागा. मुतवल्लीपणावरून भांडणं झाली असतील तर फारच चांगलं, कारण कोर्टात दोन्ही बाजू वंशावळ दाखल करतात. मात्र दोन्ही पाहा. प्रत्येकाने आपल्या सोयीची फांदी लांब केलेली असते.

1885 च्या सातारा गॅझेटिअरमध्ये मुसलमान समाजाची धंदेवार वर्णनं आहेत. धंदे आणि राहणी समजायला ती उपयोगी, पण ‘हे मूळचे अमुक जातीचे’ ही विधानं सांगोवांगीची आहेत. पुरावा म्हणून त्यावर फार टेकू नका.

शेवटची अडचण तारखांची. मोडी कागदात सुहूर सन शब्दांत लिहितात, आणि इथं मदरशात अरबी गिनती शिकलेली मुलं बाजी मारतात. ‘अर्बा सबैन मया व अलफ’ म्हणजे चार, सत्तर, शंभर आणि हजार, एकूण 1174. त्यात 599 मिळवा: 1773. हे वर्ष जूनच्या आसपास बदलतं, म्हणून जानेवारी ते मे मधल्या कागदाला 600 मिळवायचे. फसली सन असेल तर आपल्याकडे 590 किंवा 591. कबरीवरचा हिजरी सन मात्र असा सरळ बेरजेने निघत नाही, कारण चांद्र वर्ष अकरा दिवसांनी लहान असतं. त्यासाठी जंत्री घ्या.