जमिनीच्या फळीची कुळकथा

इंग्लंड-अमेरिकेतलं शंभर-दीडशे वर्षांचं घर दुरुस्तीला काढलं की नव्या वायरिंगसाठी, नाहीतर कुजलेली तुळई बदलण्यासाठी, लाकडी जमिनीच्या फळ्या उचलाव्याच लागतात. काही घरांत फळी पहारीच्या एका टेकूने सुटते. काही घरांत तिच्या चिरफळ्या होतात, पण ती हलत नाही. याचं कारण फळीच्या जन्मात आहे.

अठराव्या शतकात फळ्या पुष्कळ ठिकाणी हातकरवतीने निघत. खड्ड्यावर ओंडका आडवा टाकायचा, एक करवत्या वर उभा, दुसरा खाली. अशी फळी सगळीकडे सारख्या जाडीची येणं अवघडच. आपल्या वाड्यांत कडीपाटावर मातीचा थर असे, त्यामुळे फळीला पाय लागत नसे. तिकडे मात्र फळी हीच जमीन. म्हणून वरची बाजू रंध्याने गुळगुळीत करायची आणि खालची खडबडीतच सोडायची. मग फळी जिथे तुळईवर टेकते, तेवढ्याच जागी सुतार वाकसाने खालून तासून घेई. कमी भरलं तर लाकडाची चिपटी सारी. प्रत्येक फळी तिच्या एकाच जागेच्या मापाची. मला या कामाबद्दल फार आदर वाटतो, कारण ते कुणाला दिसणारच नव्हतं.

हे कष्ट यंत्राने संपवले. सॅम्युएल बेंथमने १७९१ साली रंधायंत्राचं पेटंट घेतलं, ग्लासगोच्या माल्कम म्यूरने १८२७ साली खास जमिनीच्या फळ्यांच्या यंत्राचं. पुढच्याच वर्षी, २७ डिसेंबर १८२८ रोजी, न्यूयॉर्क राज्यातल्या पोकिप्सीच्या विल्यम वुडवर्थला अमेरिकेत पेटंट मिळालं. फिरत्या पात्यांतून फळी सारख्या जाडीची होऊन निघे, शिवाय एका कडेला जीभ आणि दुसरीला खोबण. नर-मादीचा हा सांधा जुनाच होता; हाताने काढताना मात्र फुटाफुटाला घाम गळे. वुडवर्थच्या पेटंटाला मुदतवाढ मिळत गेली आणि ते १८५६पर्यंत टिकलं. त्याच्या हक्कदारांनी गिरणीवाल्यांना कोर्टात खेचून खेचून जेरीला आणलं, इतका पैसा या साध्या फळीत होता.

या सांध्याने फटींतून येणारा वारा अडला. जिभेतून तिरपा ठोकलेला खिळा दिसेनासा झाला. पण फळी दोन्ही शेजारणींत अडकली, आणि मधली एकच काढायची तर जीभ कापण्यावाचून गत्यंतर उरलं नाही.

तेव्हा अशा घरात राहणाऱ्या मराठी मंडळींनी आधी कड तपासावी. फटीत पातळ पातं सरळ खाली गेलं तर फळी जुन्या सरळ कडेची. मध्येच अडलं तर बहुधा जिभेची. खाली नळ आणि वायरी असतात, म्हणून जीभ कापताना करवतीची खोली फळीच्या जाडीहून कमीच ठेवा. प्रत्येक फळीच्या पाठीवर क्रमांक घाला आणि त्याच क्रमाने परत बसवा. वर्षानुवर्षांत लाकूड आकसलेलं असतं. फटी मिटवून घट्ट बसवलंत तर भिंतीपाशी जागा उरेल. तिथे लावायला त्याच जातीची, त्याच जाडीची एखादी जुनी फळी आधीच शोधून ठेवा.