चौदा सामन्यांचा हिशेब

हाराल्ड नील्सन हा डेन्मार्कचा आघाडीचा फुटबॉलपटू. राष्ट्रीय संघाकडून तो १४ सामने खेळला आणि त्यात त्याने १५ गोल केले. सामन्यांहून गोल जास्त, असा हिशेब फार थोड्या खेळाडूंच्या नावावर असतो. पण हे सगळे सामने १९५९ आणि १९६० या दोनच वर्षांतले आहेत. त्यानंतर तो इटलीच्या लीगमध्ये दोनदा सर्वाधिक गोल करणारा ठरला, तिथले अजिंक्यपदही त्याने मिळवले. मात्र डेन्मार्कची जर्सी पुन्हा त्याच्या अंगावर आली नाही. तो जायबंदी झाला नव्हता, त्याचा खेळही उतरला नव्हता. आड आला तो एक नियम. त्या नियमाची ही हकीकत आहे.

नील्सनचा जन्म २६ ऑक्टोबर १९४१ रोजी डेन्मार्कच्या उत्तर टोकाजवळच्या फ्रेडरिक्सहाव्न या बंदराच्या गावी झाला. वयाची अठरा वर्षे पुरी व्हायच्या आतच तो राष्ट्रीय संघात आला. १९६० च्या रोम ऑलिंपिकमध्ये डेन्मार्कने उपांत्य सामन्यात हंगेरीला २-० असे हरवले. याच हंगेरीशी साखळीत झुंजताना आपला भारतीय संघ १-२ असा हरला होता, हे इथे आठवावे. अंतिम सामन्यात युगोस्लाव्हियाने डेन्मार्कला ३-१ असे नमवले. तरी रौप्यपदक हाती आले आणि घरी परतलेल्या या पोराला लोक ‘गुल्ड-हाराल्ड’, म्हणजे सोन्याचा हाराल्ड, म्हणू लागले.

पुढच्याच वर्षी, १९६१ मध्ये, इटलीच्या बोलोन्या क्लबने त्याला करारबद्ध केले. करारावर सही झाली त्या क्षणी तो व्यावसायिक खेळाडू ठरला, आणि व्यावसायिकाला डॅनिश राष्ट्रीय संघात जागा नव्हती.

हा नियम एका खेळाडूवर राग धरून केलेला नव्हता. डॅनिश फुटबॉल संघटना १८८९ सालची. हौशी खेळाडूंच्या बळावर या छोट्या देशाने १९०८ आणि १९१२ च्या ऑलिंपिकमध्ये रौप्य आणि १९४८ मध्ये लंडनला कांस्यपदक मिळवले होते. खेळ हा कामधंदा सांभाळून, आनंदासाठी खेळायचा; त्याचे पैसे घेतले की त्याचा बाजार होतो, अशी संघटनेच्या धुरीणांची प्रामाणिक श्रद्धा होती. आपल्याला हा विचार क्रिकेटमुळे परिचयाचा आहे. इंग्लंडमध्ये ‘जंटलमेन’ आणि ‘प्लेयर्स’ ही विभागणी १९६२ पर्यंत टिकून होती.

पण या श्रद्धेची किंमत कोण मोजत होते? १९४८ च्या पदकानंतर इटालियन क्लबांनी डॅनिश खेळाडू नेण्याचा सपाटाच लावला. जॉन हान्सन, कार्ल आगे हान्सन आणि कार्ल आगे प्रेस्ट हे तिघेही युव्हेंटसमध्ये गेले. १९५१-५२ च्या मोसमात जॉन हान्सनने ३० गोल करून इटलीत पहिला क्रमांक पटकावला. देशाचा उत्तम संघ असा परदेशी मैदानांवर विखुरला गेला आणि मायदेशी उरलेल्यांतून राष्ट्रीय संघ उभा करावा लागला. जाणाऱ्यांनी देश सोडला असे म्हटले जाई. देशाने त्यांना सोडले, असे म्हणणारे थोडे.

नील्सनच्या बाबतीत हा विरोधाभास १९६४ च्या जून महिन्यात अगदी उघडा पडला. १९६२-६३ मध्ये १९ गोल करून तो सर्वाधिक गोलांच्या मानाचा संयुक्त मानकरी ठरला होता. १९६३-६४ मध्ये २१ गोल करून त्याने तो मान एकट्याने मिळवला. त्या मोसमात ३४ सामन्यांनंतर बोलोन्या आणि इंटर मिलान यांचे गुण समान, ५४ झाले. नुकताच युरोपियन चषक जिंकलेल्या इंटरशी निर्णायक सामना ठरला. सामना चार दिवसांवर आला असताना बोलोन्याचे अध्यक्ष रेनातो दाल्लारा यांचे निधन झाले. ७ जूनला रोममध्ये बोलोन्याने २-० असा विजय मिळवला. दुसरा गोल नील्सनचा होता. चार वर्षांपूर्वी हौशी खेळाडू म्हणून त्याला रौप्यपदक मिळाले, तेही याच शहरात.

त्यानंतर दहाच दिवसांनी, १७ जूनला, डेन्मार्कचा राष्ट्रीय संघ बार्सिलोनात युरोपीय अजिंक्यपदाचा उपांत्य सामना खेळला. संघाला तिथवर आणले होते हौशी आघाडीवीर ओले मॅडसनच्या गोलांनी. समोर सोव्हिएत संघ होता. डेन्मार्क ०-३ असा हरला. नील्सन असता तर निकाल बदलला असता, असे म्हणणे हा इतिहास नव्हे. पण इटलीतला सर्वात यशस्वी गोलंदाज, म्हणजे गोल करणारा, ऐन बावीस वर्षांचा होता, त्याच देशाचा होता आणि तरीही त्या मैदानावर नव्हता, एवढे नोंदवलेच पाहिजे.

१९६७ नंतर इंटर, नापोली आणि साम्पदोरिया असे त्याचे मुक्काम झाले. पण पूर्वीची धार परतली नाही आणि तिशीच्या आतच तो निवृत्त झाला. १९७१ मध्ये डॅनिश संघटनेने व्यावसायिकांवरची बंदी उठवली. त्याच्यासाठी दार उघडले तेव्हा आत जाण्याची वेळ टळून गेली होती.

इथेच ही कथा संपली असती, तर ती केवळ अन्यायाची कथा ठरली असती. नील्सन मात्र डेन्मार्कला परतला, व्यापारात पडला आणि मायदेशीही खेळाडूंना रीतसर वेतन मिळावे यासाठी झटू लागला. या मागणीमागच्या प्रमुख व्यक्तींपैकी तो एक होता. १९७८ मध्ये संघटनेने देशांतर्गत व्यावसायिक फुटबॉलला मान्यता दिली. पुढे १९९२ मध्ये दोन जुने क्लब एकत्र येऊन एफसी कोपनहेगन स्थापन झाला, त्यातही त्याचा पुढाकार होता.

फळ लवकरच दिसले. १९८६ मध्ये डेन्मार्क प्रथमच विश्वचषकाला पात्र ठरला. त्या स्पर्धेत उरुग्वेला ६-१ असे हरवताना तीन गोल करणारा प्रेबेन एल्क्येर आदल्याच वर्षी वेरोनाकडून इटलीचा विजेता झाला होता. म्हणजे त्याने नेमके तेच केले होते, जे नील्सनने १९६४ मध्ये केले. फरक एवढाच की त्याला देशाची जर्सी उतरवावी लागली नाही. १९९२ मध्ये तर डेन्मार्क युरोपचा विजेता झाला.

११ ऑगस्ट २०१५ रोजी नील्सनचे निधन झाले. नोंदवहीत त्याच्या नावापुढे आजही १४ सामने आणि १५ गोल एवढेच आहे. त्यातले १५ हे त्याच्या पायांचे कर्तृत्व. १४ हा आकडा मात्र त्याचा नाही. तो त्याच्या काळाने लिहिलेला आहे.