वर्धा योजना, डॉ. झाकीर हुसेन आणि आपली शाळा



स्मरणिकेसाठी इतिहासावर काहीतरी लिहा, असे संस्थेच्या मंडळींनी सुचविले, तेव्हा बादशहांच्या दरबाराऐवजी शाळेच्याच इतिहासाकडे माझे मन वळले. त्याला कारण घडले ते माझ्याच वर्गात.

कापसाच्या वेचणीचे दिवस आले की आमच्या भोकर भागात वर्गातील काही बाके रिकामी पडू लागतात. नववीतील एक विद्यार्थी असाच पंधरा दिवस गैरहजर राहिला. तो परत आला त्या दिवशी गणिताचे शिक्षक रजेवर होते, म्हणून तो तास माझ्याकडे आला. मी शेकडेवारीची चाचणी घेतली आणि या मुलाला भोपळा मिळाला. मी त्याला सर्वांदेखत चार शब्द सुनावले. दुसऱ्या दिवशी त्याने काही न बोलता एक चुरगळलेली वही माझ्यापुढे ठेवली. तीत घरच्या वेचणीचा हिशेब होता. कोणत्या मजुराने किती किलो कापूस वेचला, किलोच्या दराने मजुरी किती झाली, उचल किती वजा केली, सारे नीट मांडलेले. एकही चूक नव्हती. मग नापास कोण झाले होते, तो की मी?

हाच प्रश्न आपल्या देशातील थोर मंडळींना १९३७ साली पडला होता. २२ व २३ ऑक्टोबर १९३७ रोजी वर्ध्याला महात्मा गांधींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद भरली. हाताच्या उद्योगातून आणि मातृभाषेतून सात वर्षांचे मोफत व सक्तीचे शिक्षण द्यावे, असे तीत ठरले. अभ्यासक्रम आखण्याचे काम ज्या समितीकडे सोपविले, तिचे अध्यक्ष होते डॉ. झाकीर हुसेन. विनोबा भावे, काका कालेलकर, किशोरलाल मश्रुवाला, ख्वाजा गुलामुस्सय्यदैन ही मंडळी तिचे सदस्य होती.

झाकीरसाहेबांचा जन्म ८ फेब्रुवारी १८९७ रोजी हैदराबादचा. त्या काळी आपले भोकरही हैदराबाद संस्थानातच होते. १९२६ मध्ये बर्लिनहून पदवी घेऊन ते परतले आणि दिल्लीच्या जामिया मिल्लियाची धुरा त्यांनी खांद्यावर घेतली. संस्थेकडे पैसा नव्हता. तेव्हा त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी वीस वर्षे, दरमहा दीडशे रुपयांहून अधिक वेतन न घेता, सेवा करण्याची प्रतिज्ञा केली. तिथल्या प्राथमिक शाळेत अब्दुल गफ्फार मुधोळी या शिक्षकाने प्रकल्पपद्धती रुजविली. मुलांची स्वतःची बँक होती, स्वतःचे दुकान होते. व्याजाचे गणित तिथे फळ्यावरून उतरून मुलांच्या हातात आले. १९३८ मध्ये शफीकुर्रहमान किडवाई यांनी जामियातच प्रौढशिक्षणाची संस्था उभी केली. अशा रीतीने शाळा वस्तीपर्यंत पोचली.

समितीने दिवसाच्या साडेपाच तासांपैकी तीन तास वीस मिनिटे मूलोद्योगाला दिली. परंतु झाकीरसाहेब भाबडे नव्हते. मुलांच्या श्रमातून शाळेचा खर्च भागविण्यावर भर दिला, तर शिक्षक मुकादम होतील आणि गरिबाची मुले राबविली जातील, असा इशारा त्यांनी त्याच परिषदेत दिला. कामातून ज्ञान निघाले पाहिजे. काम केले, पण ‘का’ आणि ‘कसे’ विचारले नाही, तर ती नुसती मजुरी.

योजनेचे पुढे काय झाले? मुस्लिम लीगने तिला विरोध केला. तीत धार्मिक शिक्षणाला स्थान नाही, हा एक आक्षेप होता. १९३९ अखेर प्रांतांतील काँग्रेस मंत्रिमंडळांनी राजीनामे दिले आणि तिचा आधार गेला. स्वातंत्र्यानंतर ती पुन्हा हाती घेतली गेली, पण पुष्कळ ठिकाणी टकली फिरली आणि विचार थांबला. ‘आमच्या पोरांना सूत आणि त्यांच्या पोरांना इंग्रजी’ ही पालकांची शंकाही खोटी नव्हती. त्यानंतर कोठारी आयोगाने (१९६४–६६) कार्यानुभव सुचविला, आणि २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने दप्तराविना दहा दिवस सांगितले. शब्द बदलत गेले, प्रश्न मात्र तोच राहिला.

आता आपल्या घरचे एक उदाहरण पाहा. निजामी राजवटीत महसुली दप्तर बव्हंशी उर्दूत असे. १७ सप्टेंबर १९४८ ला संस्थान मुक्त झाले, १९५६ मध्ये मराठवाडा मुंबई राज्यात आला आणि कारभाराची भाषा बदलली. जुने कागद मात्र गाठोड्यात तसेच राहिले. २०२३ मध्ये न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती मराठवाड्यातील कुणबी नोंदी शोधू लागली, तेव्हा उर्दू आणि मोडी वाचणाऱ्यांची निकड सर्वांना कळली. जी लिपी आपली मुले घरी वा शाळेत शिकतात, तीच शेजारच्या शेतकऱ्याच्या दाखल्याला उपयोगी पडू शकते. नागरिकशास्त्राचा याहून चांगला धडा कोणता?

म्हणून माझी शिक्षकबंधूंना नम्र सूचना आहे. महिन्यातून एक प्रश्न तरी गावातून वर्गात आणा. बाजार समितीत भाव कसा ठरतो? आपल्या गल्लीतील नळाचे पाणी कुठून येते? घरातील जुन्या खरेदीखतात काय लिहिले आहे? मुलांनी विचारावे, मोजावे, लिहावे आणि जे सापडेल ते गावापुढे मांडावे. नगर परिषदेला अर्ज लिहिणे हाही भाषेचाच धडा आहे. मात्र त्यासाठी मूल शाळेत असले पाहिजे. चौदा वर्षांपर्यंतच्या शिक्षणाचा हक्क २००९ च्या कायद्याने दिला आहे. वेचणीचे कौतुक करून त्या मुलाला शेतातच ठेवणे, हा झाकीरसाहेबांच्या विचाराचा विपर्यास होईल.

पालकांनाही एक विनंती. मूल घरी येऊन प्रश्न विचारू लागले, तर त्याला गप्प करू नका. ‘एवढे शिकून उपयोग काय’ असे आपण विचारता. त्याचे उत्तर देण्याची संधी त्या मुलालाच द्या.

असो. त्या विद्यार्थ्याची वही मी वर्गात फळ्यावर उतरवून घेतली. किलोचा दर एका रुपयाने वाढला, तर मजुरी शेकडा किती वाढेल, असे विचारले. सर्वांत आधी हात त्याचाच वर आला. सर्वांदेखत बोललो होतो, म्हणून माफीही सर्वांदेखतच मागितली.