बेडूक नाहीसा झाला, हे कळतं कसं?

संशोधनाच्या तयारीला लागलेल्या मित्रांनो, एक प्रश्न. एखादी जात नामशेष झाली, हे ठरवायचं कशावरून?

आमच्या वडखळला पावसाळ्यात न्हाणीघराच्या भिंतीवर झाडबेडूक चिकटलेला दिसतो. तो भातखाचराच्या पाण्यावर फेसाचं घरटं करतो. खाचरात भराव पडला की त्याची वीण थांबते. लहानपणी रात्रभर ऐकलेला तो आवाज आता कमी झालाय असं मला वाटतं. पण 'वाटतं' हा पुरावा नव्हे, आणि तेव्हा मी एक ओळही लिहून ठेवली नाही.

आता श्रीलंकेचा इतिहास बघा. तिथल्या स्यूडोफिलॉटस या झुडुपी बेडकांना तळं लागत नाही. अंड्यातून थेट छोटा बेडूकच बाहेर येतो. पण सावली आणि ओल हवीच. इंग्रजांच्या काळात तिथल्या डोंगरांवरचं जंगल तोडून कॉफी लावली. १८६९ मध्ये कॉफीवर तांबेरा आला, कॉफी बुडाली आणि चहा आला. जंगल मात्र परतलं नाही.

२००२ मध्ये मीगसकुंबुरा आणि सहकाऱ्यांनी 'सायन्स'मध्ये दाखवलं की या बेटावर झाडबेडकांच्या शंभरेक जाती आहेत. त्याच सुमारास संग्रहालयांतले जुने नमुने तपासले गेले, तेव्हा त्यातल्या डझनाहून अधिक जाती रानात सापडेनात. बरणीवर चिठ्ठी होती, म्हणून हानी कळली.

पण घाईही नको. केलार्ट यांनी १८५३ मध्ये वर्णन केलेला 'स्टेलॅटस' हरवला असंच मानलं जाई. तो २००९ मध्ये श्रीपाद शिखराच्या जंगलात पुन्हा सापडला. 'दिसला नाही' आणि 'उरला नाही' यांत फरक आहे, तो तुमच्या प्रबंधातही पाळा.

याच बेडकांचा एक भाऊबंद आपल्याकडेही आहे. वडखळहून मुंबई-गोवा महामार्गाने सावंतवाडी गाठा, तिथून घाट चढा, की आंबोली. तिथल्या झुडुपी बेडकाला बिजू आणि बोसुइट यांनी नाव दिलं ते २००९ मध्ये. त्याचे पूर्वज श्रीलंकेकडून आले, असं जनुकीय अभ्यास सांगतो. त्याआधी तो संपला असता, तर काय गेलं हेही आपल्याला कळलं नसतं.

म्हणून सांगतो, दुर्मीळ जातीची वाट बघू नका. आज रात्री अंगणात ओरडणाऱ्या साध्या बेडकाची नोंद करा: तारीख, वेळ, जागा, पाऊस. आणि ज्या रात्री काहीच ऐकू येणार नाही, ती रात्रही लिहा.