सर्व्हरच्या डिस्कवर किती जागा राखून ठेवावी?

जायकवाडीच्या सुमारे १०२ टीएमसी साठ्यापैकी २६ टीएमसी मृतसाठा असतो, हे मराठवाड्यात सगळ्यांना ठाऊक आहे. लिनक्स सर्व्हरच्या डिस्कवरही असाच एक साठा असतो. एक्स्ट४ फाइल सिस्टिम तयार करताना ५ टक्के जागा आपोआप ‘रूट’ या सर्वाधिकारी वापरकर्त्यासाठी बाजूला पडते. डिस्क भरली तरी रूटला आत शिरून साफसफाई करता यावी, सिस्टिमच्या नोंदी थांबू नयेत आणि फाइलींचे तुकडे विखुरू नयेत, हा त्यामागचा हेतू.

हे प्रमाण लहान डिस्कच्या काळातले. २० जीबीवर ते १ जीबी भरते. २० टीबीवर तब्बल १ टीबी. एवढी जागा अडकवण्यात अर्थ नाही. फक्त डेटा असलेल्या मोठ्या विभागावर १ टक्का पुरतो आणि ‘ट्यून२एफएस’ आज्ञेने तो नंतरही बदलता येतो. ऑपरेटिंग सिस्टिमच्या विभागावर मात्र ५ टक्के राहू द्यावेत.

इथे एक गफलत हमखास होते. पोस्टग्रेससारखा डेटाबेस रूट म्हणून चालत नाही, त्यामुळे ही राखीव जागा त्याच्या उपयोगाची नाही. व्यवहारांच्या नोंदींची डिस्क भरली की तो बंदच पडतो. त्याच्यासाठी वेगळी जागा मोकळी हवी: नवी डिस्क बसेपर्यंत डेटा जितका वाढेल, किमान तितकी.